धुतलेले व्हॉल्व्ह

जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह गोळा करायचा नाद मला अमरावतीच्या कॉलेजात लागला. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या खेड्यातून शिकायला बाहेर पडलेला घरातला मी पहिलाच. आपल्या हातून काही मोडेल या धास्तीनं प्रयोगशाळेतल्या उपकरणांना मी हातही लावत नसे. ते आमच्या सरांच्या ध्यानात आलं असावं. एका दुपारी त्यांनी कपाटातला एक जळका व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “हा आधीच गेलेला आहे. आता बिनधास्त बघ.” काचेच्या आतली ती जाळी, पत्र्याची चिमुकली नळकांडी, केसासारख्या तारा बघता बघता माझी भीती गेली. आज मी स्वतः फिजिक्स शिकवतो, ते त्या दुपारमुळे.

नोकरी लागल्यापासून रविवारी भंगारवाल्यांकडे फिरतो. अमरावतीत, मूर्तिजापुरात, जास्त करून अकोल्यात. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओ काय, लाऊडस्पीकरची मशीन काय, सगळं या व्हॉल्व्हवर चालायचं. आता ते खिळ्या-बिजागऱ्यांच्या पोत्यात सापडतात. काचेला आतून चांदीसारखा डाग असतो. तो चमकत असला तर आशा ठेवायची. पांढरा पडला असला तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. मग काचेवर छापलेला नंबर बघायचा. व्हॉल्व्हची ओळख तीच. आणि ती छपाई इतकी कच्ची असते की नुसता अंगठा घासला तरी निघून जाते. म्हणून व्हॉल्व्ह बुडाशी धरावा, हे मी फार लवकर शिकलो.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका भंगारवाल्यानं मला एका काकाजींकडे पाठवलं. त्यांची लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायची सर्व्हिस होती. लग्नं, जयंत्या, भागवत सप्ताह. कौंडण्यपूरच्या जत्रेतही त्यांचे भोंगे लागत. आता मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. घर विकलं गेलं होतं, अर्धं सामान बांधून झालं होतं, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये लाऊडस्पीकरच्या मशीनला जागा नव्हती.

मशीन द्यायला ते तयार होते, पण बंद पडलेली नव्हे. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात वाजवून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी मशीन कोणाच्या हवाली केली नव्हती, आणि ही तर शेवटची. “वाजली तर न्या,” ते म्हणाले. “नाही वाजली तर भंगारात देईन. मेलेलं जनावर दान देत नसतेत, सर.”

मी झाकण उघडलं. मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाचा डाग दुधासारखा पांढरा झाला होता. दुखणं एवढंच होतं. काकाजींचा चेहरा उजळला. त्यांची नजर मोतीबिंदूनं अधू झालेली. मला जवळ बसवून ते म्हणाले, याच्या जोडीचे डब्यात पुष्कळ आहेत, नंबर वाचा अन् लावा.

मी डबा उघडला. आत सगळे व्हॉल्व्ह लखलखीत होते, नव्या पेल्यांसारखे. एकावरही नंबर नव्हता.

“काय झालं? शिकलेले ना तुमी? दोन आकडे वाचता येऊन नाही राहिले?” काकाजी हसत म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मला खूण केली आणि मोठ्यानं म्हणाल्या की चहात साखर किती ते सरांनीच येऊन सांगावं.

आत गेल्यावर त्यांचे डोळे भरलेले दिसले. दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू घासूनपुसून द्यायची, ही आमच्याकडची रीत. शेजारणीची वाटीसुद्धा आपण खरकटी परत करत नाही. मशीन न्यायला कुणी येणार म्हटल्यावर काकूंनी तो डबा काढला, प्रत्येक व्हॉल्व्ह राख-लिंबानं घासला, धुतला आणि सुपात मांडून गच्चीवर उन्हात वाळवला. नंबर पाण्याबरोबर मोरीत गेले हे त्यांना आत्ता, माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

“घर विकल्यापासून ते बोलून नाही राहिले,” त्या हळूच म्हणाल्या. “आज तुमी आले म्हणून हसले. त्याइले सांगजा नोका. या शिशाईचं काही होते का पाहा.”

आठ पिनांचं बूड बऱ्याच जातींना सारखंच असतं. चुकीचा व्हॉल्व्ह बसला तर मशीनचा ट्रान्सफॉर्मरच जळण्याची भीती. ओट्यावर बसून मी मीटर लावला आणि काही बाजूला काढले. उरलेल्यांत दोन जाती जुळ्या भावंडांसारख्या दिसत होत्या. मग एका जुन्या हौशी माणसानं सांगितलेली युक्ती आठवली. व्हॉल्व्ह गार करायचा आणि त्यावर तोंडाची वाफ सोडायची. शाई गेली तरी काच ती जागा विसरलेली नसते.

काकूंनी फ्रिजमधली कोथिंबिरीची जुडी सरकवून व्हॉल्व्हना जागा केली. बाहेरून काकाजींनी विचारलं, चहा कापशीच्या तलावातून आणून राहिले का? काकूंनी दूध नासलं म्हणून सांगितलं.

पहिल्या व्हॉल्व्हवर नुसती वाफ धरली. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर माझा श्वास पुरेना, तेव्हा काकूंनीच तो हातात घेऊन चुलीत फुंकर घालावी तशी घातली. “सर, काहीतरी हाय,” त्या पुटपुटल्या. काचेच्या धुक्यात दोन आकडे आणि मधलं अक्षर उमटलं आणि बघता बघता विरलं. आम्ही पुन्हा वाफ सोडून खात्री केली. मशीनमधल्या गेलेल्या व्हॉल्व्हवरचाच नंबर होता.

व्हॉल्व्ह कोरडा करून बसवला. मशीन चालू केली. आधी काहीच नाही, मग आत नारिंगी उजेड चढत गेला आणि अंगणातल्या भोंग्यातून घुमटातल्यासारखी घुंऽऽ आली. काकाजींनी माइक तोंडाशी नेऊन हॅलो म्हटलं. मग त्यांनी माइक काकूंच्या हातात दिला. आवाज पारखायचा तो लांबून, म्हणून ते काठी टेकत गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “बोल.”

इतक्या वर्षांत काकू माइकवर कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला.

“हॅलो,” त्या म्हणाल्या. आपलाच आवाज ऐकून दचकल्या. मग डोळे मिटून घेतले. “आयकता का जी? त्या शिशा म्या धुतल्या. नंबर पुसले गेले. सरानं लय मेहनतीनं एक हुडकला. दूध नासलं नव्हतं.”

समोरच्या घरातली बाई दारात आली. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी हसलं. मी खिडकीतून पाहिलं. काकाजी काठीवर दोन्ही हात ठेवून, मान तिरपी करून ऐकत होते.

“आवाज साफ हाय,” ते तिथूनच म्हणाले. “आखीन काय काय धुतलं ते सांग.”

काकू खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. मी आवाज जरासा वाढवला.