दीड हाताचं अंतर

देवाने माणसांची लागवड करताना आमच्या आत्याबाईंना विचारलं असतं, तर जगातली निम्मी भांडणं झालीच नसती, असं माझं ठाम मत आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. कोल्हारला आमच्या शेजारच्याच रानात एकट्या राहून त्या गवती चहा, तुळस आणि जिरेनियम लावत. दोन रोपांत दीड हात अंतर, आणि हात त्यांचाच. मजूर बायकांच्या हातांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक रोपापाशी स्वतः कोपर टेकून मोजत. माणसांनाही हाच नियम. एसटीत शेजारणीला म्हणत, "जरा सरक बाई, वारं खेळू दे." खताचंही तसंच. मुरलेलं शेणखत, तेही लोणचं वाढावं तसं बेतानं. युरियाचं नाव काढलं की, "पानं माजत्यात अन् वास पळतो!" माझ्या मुलाचं कुणी जरा जास्त कौतुक केलं, तर त्या कौतुकालाही आत्याबाई 'युरिया'च म्हणत.

मी नवी सून होते तेव्हा सासूबाईंचं आणि माझं एका ओट्यापाशी रोज वाजायचं. एका सकाळी मी पिशवी भरली आणि श्रीरामपूरला माहेरी निघाले, परत न येण्यासाठी. दारात आत्याबाई, हातात खुरपं. भांडण कशावरून, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. सरळ आत जाऊन ओट्यावर कोपर टेकून माप घेतलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "वयनी, एका आळ्यात दोन रोपं लावली तुमी. दोनीबी पिवळी पडनार. हिची शेगडी पडवीत मांडा." सासूबाई फुगल्या, पण शेगडी पडवीत आली. पुढे त्याच सासूबाई वाटीभर आमटी घेऊन माझ्याकडे पडवीत येऊन बसू लागल्या. माझा संसार टिकला तो आत्याबाईंमुळे. हे त्यांना सांगायला गेलं की हात झटकून म्हणत, "युरिया नगं."

गेल्या वर्षी त्या रानात पडल्या, चालणं थांबलं. आम्ही त्यांना घरी आणलं. सोबतीला मी निजणार होते, म्हणून पडवीत त्यांच्या खाटेपासून दीड हातावर माझी खाट टाकली. चांगलं कोपर टेकून मोजलं.

"एवढी लांब कशाला गं?"

"तुमचंच माप आहे, आत्याबाई."

"ते वाढत्या रोपाला लागतं, पोरी. माझं वाढून झालंय. जवळ घे."

मी खाट ओढून अगदी खेटून लावली. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला अजून गवती चहाचा वास येत होता.