बशीतलं औषध

त्या रविवारी जळगावच्या प्रयोगशाळेत मी एकटीच होते. वडिलांनी, म्हणजे आबांनी, साक्रीहून पाठवलेल्या निरगुडीच्या पानांचा अर्क वापरून मी चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले होते. औषधांना दाद न देणारे जिवाणू पेरलेल्या बशीत आदल्या दिवशी त्या कणांच्या द्रावणाचा थेंब टाकला होता. आता थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसत होतं. तिथे एकही जिवाणू वाढला नव्हता.

दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून आबांना फोन लावला. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळून ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. तिथली औषधं लागू पडत नव्हती.

“मंग मना पायले लाव ना ते,” आबा म्हणाले.

“अजून बशीतच चाललंय, आबा. माणसाला चालेल का, हे कळायला वर्षं लागतील.”

मग आबा म्हणाले, “जेवनी का तू?”

मी हो म्हटलं. जेवले नव्हते. पिंप्राळ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन तशीच पडून राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला. मी भेटायला गेले, तेव्हा ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कौतुकानं सांगत होते, “मनी पोर औषध शोधस.” माझं पाऊल आत पडेना.