शेंदराखालचा लाल कोट

ती घटना आजही आठवली की बोटांना शेंदूर लागल्यासारखं वाटतं आणि मी नकळत हात धुवायला उठतो.

डहाणूला चिकूच्या वाडीत एक वयस्कर गृहस्थ राहायचे. शिशाचे खेळण्यातले सैनिक जमवायचा त्यांना नाद. जुन्या घडणीचे, चकचकीत ऑइलपेंटनं रंगवलेले. काचेच्या कपाटात पलटणी मांडलेल्या आणि प्रत्येक सैनिकापुढे त्यांच्या पत्नीनं लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. पत्नी वारल्यावर वर्षभर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. टाकलं तेव्हा लाल कोटातला एक घोडेस्वार जागेवर नव्हता. चोरीची फिर्याद आमच्या ठाण्यात आली. मी घटनास्थळाचा पंचनामा उरकला. उरकला हाच शब्द बरोबर. कार्डं समोरून वाचली, नोंदली आणि निघालो.

चार दिवसांत खबऱ्यानं बातमी आणली. वाडीत घरकाम करणाऱ्या विधवा बाईच्या सायवनकडच्या घरी, देवांच्या पाटावर एक परका घोडा बसलाय म्हणे. पंच घेऊन गेलो. त्या बाजूला घरातलं माणूस गेलं की त्याचा वीर करून, म्हणजे घोडेस्वाराच्या रूपात शेंदूर लावून, देवांत बसवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी बूट न काढता आत शिरलो, घोडेस्वार उचलला आणि अंगठ्याच्या नखानं शेंदूर खरवडला. खाली लाल रंग चकाकला. मुद्देमाल सापडला! लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता.

ठाण्यात महिला हवालदारासमोर चौकशी केली. बाई रडली नाही, तिनं हातही जोडले नाहीत.

"मी चोरला नाय, साहेब. वाडीवरच्या बाईंनी जायच्या थोडं आधी दिला. माझा माणूस हाय तो."

"मेलेल्या बाईची साक्ष काढणं सोपं असतं," मी सुनावलं.

तासभर मी फिरवून फिरवून विचारत राहिलो. खोटं बोलणारा दर खेपेला थोडी भर घालतो, शपथा घेतो. हिचं उत्तर तसूभर हललं नाही. ते मला खटकलं. तिला घरी पाठवलं आणि सकाळी पुन्हा वाडीत गेलो. घोडेस्वाराचं कार्ड उचलून उलटं केलं. मागे त्याच अक्षरात लिहिलं होतं: 'हा आपल्या बाईला दिला. तिच्या नवऱ्याचा वीर बसवायचाय.'

गृहस्थांनी कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. "तिनं मला सांगितलं असणार," ते म्हणाले. "माझं लक्ष सैनिकांत असेल."

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून अहवाल पाठवला, कोर्टाचा आदेश घेतला आणि घोडेस्वार परत द्यायला स्वतः गेलो. बाईनं हात पुढे केला नाही.

"असा नाय घेता येत. तुम्ही उठवलाय त्याला. परत बसवाय लागंल."

ठरल्या दिवशी मी गेलो. बूट अंगणाबाहेर काढले. देव बसवणाऱ्या भगतानं विचारलं, कोणी उठवला? मी म्हणालो, "मी."

चोरी पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, असा माझा तोरा होता. पण कार्डाची मागची बाजू पहिल्याच दिवशी बघितली असती, तर एका बाईचा नवरा तिच्या देवांतून उठला नसता. पंचनाम्यात मी त्याला 'घोडेस्वार, एक नग' असं लिहिलं होतं. इथे भगत त्याला नावानं बोलावत होता.

भगतानं शेंदराची वाटी माझ्यापुढे सरकवली. खरवडलेल्या जागी मीच बोट फिरवलं. लाल कोट झाकला गेला, तेव्हा कुठे त्या बाईनं डोळ्यांना पदर लावला.