तीन शिरांचा पिंजारी

आकाशात तीन चंद्र दिसू लागले तेव्हा खरे तर मी घाबरायला हवे होते. पण मी हरखलो. इतकी वर्षे मान वर करून बसलो, म्हणून देवाने माझ्या एकट्यासाठी खास खेळ लावला असावा, असे मला वाटले. पुढे तारेही धुरकटले, तेव्हा जुन्या बाजारातून आणलेल्या पितळी दुर्बिणीवर राग काढला. तिची काच बायकोच्या लुगड्याने पुसता पुसता लुगडे विरले. काच स्वच्छच होती. धुके माझ्या डोळ्यांत उतरले होते. पन्नाशी गाठायच्या आत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!

तेव्हा महाराजांचे राज्य होते आणि मी त्यांच्या पागेत कारकून होतो. सारे कोल्हापूर कुस्त्या नि हत्तींची साठमारी बघायला धावे. मी घरी येऊन माळवदावर चढे आणि नक्षत्रे बघत बसे. मूलबाळ नव्हते. बायको गेली आणि घरात माझ्याशी बोलणारे कोणी उरले नाही. तिचा संकष्टीचा उपास मात्र मी पुढे चालवला. ती असताना दर संकष्टीला अंगणातून विचारायची, "दिसला का?" मी वरून ओरडायचो, "दिसला!" तेवढे ऐकले की आळीतल्या साऱ्या बायका चंद्राला अर्घ्य देऊन जेवायला बसायच्या. तिच्यामागेही ती रीत राहिली. महिन्यातून एकदा का होईना, कोणीतरी मला हाक मारून काही विचारत होते. एकट्या माणसाला तेवढ्यावर महिना काढता येतो.

आणि मग ती थंडीतली संकष्टी आली. पूर्वेला, गावाबाहेरच्या शेतांवर, लालबुंद बिंब वर येताना मला दिसले. मी नाटकातल्या राजासारखा हात उंचावून गर्जलो, "दिसला!" बायकांनी खालूनच पूर्वेला हात जोडले, पाणी सोडले, मोदक फोडले. दोन-दोन मोदक पोटात गेल्यावर खरा चंद्र झाडांवर आला. माझे लालबुंद बिंब म्हणजे गुऱ्हाळाची चुलवण होती! उसाच्या रसाखाली पेटलेल्या जाळाला मी आख्ख्या आळीकडून अर्घ्य देववले होते.

"अवो भावजी," शेजारच्या गंगूकाकू रस्त्यातून कडाडल्या, "पुढल्या बारीला गुऱ्हाळवाल्यालाच इचारून येतो की! निदान काकवी तरी मिळंल!"

सगळे हसले. मीसुद्धा पोट धरून हसलो. पण पुढच्या संकष्टीला माझ्या दाराशी कोणी आले नाही. देवळाच्या गुरवाला विचारून त्यांनी उपास सोडले. मी माळवदावर उभा होतो. खालून हाक येईल म्हणून बराच वेळ उभा होतो.

मोतीबिंदू काढणारे गोरे डॉक्टर पलीकडच्या गावातल्या मिशनच्या इस्पितळात आहेत, हे मला ठाऊक होते. पण डोळ्याला सुरी लावायची? चुकली तर हे तीन धुरकट चंद्रही जातील. तेवढी छाती नव्हती. म्हणून मी देवाला गाठायचे ठरवले. हातकणंगल्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, असा नृसिंहवाडीला पोचलो. दत्तमहाराजांसमोर बसून रोज एकच मागणे: डोळे दे, पण सुरीवाचून दे. म्हणजे काय द्यायचे आणि कसे द्यायचे, दोन्ही मीच ठरवून दिले होते.

एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. देवळात आरती चालली होती. मागच्या दिवट्यांचा उजेड अंगावर घेत कोणीतरी माझ्याकडे आले, आणि मी थरारलो. त्या आकृतीला तीन शिरे होती. खांद्यावर काहीतरी लांब, त्रिशूळासारखे. मी पायरीवरच साष्टांग लोटांगण घातले.

"आवो, आवो पावणं! उठा की! मी पिंजारी हाय, पिंजारी. बाबालाल!"

"पण तीन शिरे..."

"कुठली तीन! एकच हाय, आन् त्ये बी रिकामं, आसं बायको म्हंती." खांद्यावरच्या धनुकलीची तार त्याने छेडून दाखवली. टंग् करून आवाज घाटावर घुमला. तो गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरे. माझी कहाणी त्याने नीट ऐकली. मोदकांपाशी तर इतका हसला की मला उगाच अभिमान वाटला. मग म्हणाला, "त्याच इस्पितळात चाललोय मी, गाद्या पिंजायला. गाडीत जागा हाय. चला."

"सुरीची भीती वाटते."

"वाटू द्या की. भ्या घिऊनच बसा गाडीत. आन् द्येवाला सांगून ठेवलंय न्हवं? मग त्यो कुठनं करतोय, त्ये त्याला ठरवू द्या."

मी देवळाकडे वळून पाहिले. तिकडे नुसता उजेड दिसला. मी गाडीत बसलो.

इस्पितळात डॉक्टरांनी थेंब घालून डोळा बधिर केला आणि सुरी लावली; आधी एक, काही दिवसांनी दुसरा. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या आणि हलायचे नाही अशी ताकीद. इतका अंधार मी कधी पाहिला नव्हता. माझ्या रात्री ताऱ्यांनी भरलेल्या असत. त्या अंधारात बाहेरच्या पडवीतून दिवसभर टंग् टंग् ऐकू येई. संध्याकाळी तो आवाज थांबे आणि खाटेशी कापसाचा वास येई.

"पावणं, आज वर काय काय आलंय?"

मी पट्टीआडून सांगायचो. आता डोक्यावर मृग. त्याच्यामागे व्याध, निळा, चमकणारा. तिकडे कृत्तिकांचा पुंजका. तो मधूनच म्हणे, "हाय हाय, दिसतोय!" आणि मी, न बघता, जन्मात झालो नव्हतो इतका खूश होऊन पुढचा तारा दाखवी.

पट्टी सुटली तेव्हा सगळे निळसर, झळझळीत, पण पसरट दिसले. मी आधी पिंजाऱ्याची चौकशी केली. तो काम आटोपून पहाटेच गेला होता. कुठल्या गावचा, कोणाला ठाऊक नव्हते. त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. घाटावर तीन होते, इस्पितळात एकही नव्हता.

जाड भिंगांचा चष्मा लावून घरी आलो. संकष्टीला न बोलावता माळवदावर चढलो. पूर्वेला चुलवण पेटलेली होती. ती चुलवणच दिसली. थोड्या वेळाने तिच्या शेजारून चंद्र वर आला. एकच. ओरडायचा मला हक्क राहिला नव्हता.

खालून गंगूकाकूंचा आवाज आला, "भावजी, गुरवाला खोकला झालाय. दिसला का वो?"

मी चष्मा पुसून पुन्हा एकदा पूर्वेला पाहिले. त्या पुन्हा ओरडल्या, "आवो, व्हय का न्हाय ते बोला की! पोटात कावळं वरडाय लागल्यात!"

"दिसला!" मी म्हणालो.

त्यानंतर दर संकष्टीला मीच सांगतो. आळीत धनुकलीची तार वाजली की अजूनही धावत खाली जातो आणि पिंजाऱ्याला म्हणतो, "जरा बोला बघू." बिचारे घाबरतात. अजून तो आवाज भेटलेला नाही. दत्तमहाराज स्वतः आले होते असे मी म्हणत नाही. मी डोळे मागितले होते आणि वाट मात्र माझीच हवी होती. ती सोडून गाडीत बसलो, एवढेच मला ठाऊक आहे.

बायका जेवायला गेल्या की आळी निवते. मग मी चष्मा काढतो. चंद्र पसरत जातो, मऊ, पांढरा, नुकत्याच पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखा. मी त्याला हात जोडतो आणि आज वर काय काय आले आहे ते हळू आवाजात सांगू लागतो.