छातीवर काचा लावलेली बाई

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीच्या बागेत मी सिमेंटची एक बाई केली. बिल्डरला कमरेवर घागर, अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं आणि मुठीत मावेल अशी कंबर हवी होती. मी हंडा उपडा करून तिला त्यावर बसवलं. मापं आरशासमोर बसून माझ्याच अंगावरून घेतली, त्यामुळे कंबर चांगली जाड झाली. नजर अशी रोखलेली केली की समोरच्याने मान खाली घालावी.

मान खाली कोणीच घातली नाही. काही महिन्यांतच तिच्या छातीवरचा रंग उडाला, बाकी अंगावरचा जसाच्या तसा. बाप्ये तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे आणि पंजा तिथेच ठेवायचे. मला शिसारी यायची. ते हात माझ्यावरच पडत होते. सोसायटीने मात्र मला निरोप धाडला, रंगाचा एक हात मारून द्या.

मी बाटल्या फोडल्या. कंपाउंडच्या भिंतीवर लावतात तशा काचा तिच्या छातीवर ओल्या सिमेंटमध्ये रोवल्या, टोकं बाहेर ठेवून. माझीही बोटं कापली, पण बरं वाटलं.

रविवारी एकाचा तळवा फाटला. सेक्रेटरी घरी आले.

"मॅडम, हे काय करून ठेवलंत? टाके पडलेत त्याला."

"भिंतीवरपण काचा आहेत ना?"

"त्या चोरांसाठी."

"याही."

दुसऱ्या दिवशी मी घरी नसताना त्यांनी घणाने काचा काढायला लावल्या. काचांबरोबर छातीच फुटली, भोक पडून आतली सळई दिसू लागली. संध्याकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन डागडुजीला गेले, तर एक जण त्या भोकात मनगटापर्यंत हात घालून दात काढत उभा. समोर त्याची बायको मोबाइल धरून.

"ए, हात काढ."

"अहो ताई, पुतळा तर आहे. लागतंय काय तिला?"

माझं डोकं फिरलं. हातोडीचा दांडा त्याच्या दंडावर हाणला. तो कळवळून खाली बसला आणि मला आईवरून शिव्या देऊ लागला. मी पुन्हा हाणला. आता बायको अंगावर येईल म्हणून तिच्याकडे वळले, तर ती जागची हललीही नव्हती. तिने मोबाइल थोडा खाली केला, खाली बसलेला नवरा नीट दिसेल इतका, आणि फोटो काढला.