कट्ट्याचं वळण

आमच्या दारासमोर रस्ता सरळ येत नाही. मध्ये जांभळाचा कट्टा आहे, त्याला वळसा घालून येतो. उळवीच्या जत्रेला निघालेल्या गाड्या या कट्ट्यापाशी थांबत. आम्ही बायका घागरी घेऊन आधी बैलांच्या पायांवर पाणी घालत असू, मग गाडीवानाला गूळपाणी. मी लग्न होऊन आले तेव्हा या रस्त्यावर बैलगाड्याच जास्त होत्या. गोवा मोकळा झाला आणि बघता बघता लाकडांचे ट्रक सुरू झाले.

विहीर रस्त्यापलीकडे. पाणी आणायचं काम वन्संचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचं. लहानपणी तापात त्यांचे दोन्ही कान गेले, लग्न झालं नाही. एरवी घागरीला मला हात लावू देत नसत.

खाली गिरणीपाशी रस्ता सरळ आहे. एकदा पीठ आणताना तिथं मागून ट्रक आला. भोंगा वाजतोय, लोक ओरडतायत आणि वन्सं आपल्या रस्त्याच्या मधून चालल्यात. कुणीतरी ओढलं म्हणून वाचल्या. डोक्यावरचा डबा उडाला, पीठ रस्त्यावर. त्यांना वाटलं धक्का मारून डबा पाडला. त्या माणसाला त्यांनी हातवारे करून बराच वेळ झापलं. डब्याला पोचा पडला तो तसाच आहे. त्या दिवसापासून वन्सं विहिरीकडे निघाल्या की माझा हात थांबतो.

मग सरकारी रस्त्यांचा ओव्हरसियर आला. त्यानं कट्ट्यावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. कट्टा काढून रस्ता सरळ करायचा होता. हे वन्संना कुणी सांगितलं नाही. कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोजच्यासारखा कट्टा शेणानं सारवून काढला. वर रांगोळीही घातली.

चार दिवसांनी ओव्हरसियर परत आला आणि तापला. "कोन पुसला रे? सरकारी निशाणी हाय ही!"

सगळी गल्ली हसली. मामंजी हसले नाहीत. माझे हे सासरे या गल्लीत वयानं सगळ्यांत मोठे, त्यांनी त्याला आमच्याच सोप्यात बसवलं आणि चार घरं बोलावली. मी माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत होते. माझ्याजवळ खुंट्याला पाडी, गाईची लहान कालवड, बांधलेली.

"सरळ होऊ दे की रस्ता," दुकानदार म्हणाला. "ह्या जांभळामुळं पलीकडचं काय दिसत न्हाई. मागल्या जत्रंला बैल गेलाच असता ट्रकाखाली."

"तुझं दुकान दिसंना म्हणून सांग की!" हे चहाच्या हाटेलवाल्याचं. "रस्ता सरळ झाला तर माझ्या दारात कोन थांबंल?"

"तुझा चहा प्यायला वळणानंच अडवाय पायजे व्हय माणसं?"

"आनि गाड्या कुठं थांबायच्या? उळवीला जाताना बैलांच्या पायावर पानी काय डांबरावर घालनार?"

असं बराच वेळ चाललं. दुकानदाराचं खोटं नव्हतं. झाडाच्या फांद्या इतक्या खाली आल्या होत्या की पलीकडून येणारी गाडी अगदी अंगावर आल्यावर दिसे. पण दारात बसून मी जे दिवसभर ऐकत होते ते त्या पुरुषांपैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. प्रत्येक ट्रक कट्ट्याच्या अलीकडे कण्हतो, गिअर बदलतो, हळू होतो. गिरणीपाशी होत नाही.

ओव्हरसियर कागद गुंडाळायला लागला. मी सूप खाली ठेवलं.

मामंजींशी मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. आमच्यात सून सासऱ्याला काही सांगायचं तर मांजराला सांगते, नाहीतर जनावराला. मीठ संपलं, तरी ते म्हशीला. पण ते घरातल्या घरात. इतक्या परक्या माणसांत कधी नाही. मी पाडीकडे तोंड केलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"पाडे, कट्ट्यामुळं ट्रक हळू होत्यात गं. वन्संना भोंगा ऐकू येत न्हाई. कट्टा गेला तर त्या पान्याला जातील नि..." मी पाडीचं दावं धरलं. "दिसत न्हाई म्हनत्यात तर खालच्या फांद्या तोडाव्यात."

ओव्हरसियरनं विचारलं, "आत कोन बोलतंय?"

"ह्यांची पाडी," हाटेलवाला म्हणाला आणि सगळे हसले. उठून परसात पळावं असं झालं.

मामंजी खाकरले. तेही पाडीलाच म्हणाले, "पाडे, हे आधी का न्हाई सांगितलंस?" मग ओव्हरसियरकडे वळले. "चला, कट्ट्यापाशी उभं राहून दोन ट्रक जाऊ द्या. मग काय त्या रेघा वडायच्या त्या वडा."

ते गेले. दोन नाही, तीन ट्रक गेले. तिन्ही हळू झाले. दुकानदार म्हणाला, फांद्या तोडणार असाल तर माझी हरकत न्हाई. ओव्हरसियरनं कट्टा ठेवायचं कबूल केलं, पण वरून सही होईपर्यंतच. पुढचं आपल्या हातात नाही म्हणाला.

फांद्या तोडल्या त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. त्यांना ते झाड फार आवडायचं. माझ्याकडे बघून त्यांनी हातानं विचारलं, कुणी तोडायला लावलं? मी मान खाली घातली. त्या उठून गेल्या आणि उघडा पडलेला कट्टा भर दुपारी पुन्हा सारवायला लागल्या.

वरचा कागद अजून आलेला नाही. वन्सं घागर घेऊन उंबरा ओलांडतात आणि मी सूप खाली ठेवते. ट्रक लांबून येत असतो. त्यानं गिअर बदलल्याचं ऐकू येईपर्यंत मी सूप परत उचलत नाही.