बाद कार्बाइनची पिशवी

निशिकांत मोघेला बंदुकांचं भयंकर वेड, आणि बिऱ्हाड थाटलं कुठे, तर सिंगापुरात. जिथे खेळण्यातलं पिस्तूल जरा खऱ्यासारखं दिसलं तरी चौकशी होते, तिथे. पाया लेबारच्या एका कंपनीत अकाउंटंट, क्लेमेंटीला फ्लॅट, आणि MRT स्टेशनवर पिवळी रेघही न ओलांडणारा हा सरळमार्गी गृहस्थ. बरं, वेड तरी साधं असावं! जगातल्या सगळ्या बंदुका सोडून याचा जीव जडला होता एकाच कार्बाइनवर.

ही कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, मधोमध घडी होणारी बंदूक. महायुद्धात विमानातून छत्रीने उड्या मारणाऱ्या सैनिकांसाठी प्रयोग म्हणून मोजक्याच बनवल्या. चाचणीत सगळ्या नापास झाल्या. लष्कराने त्यांच्या दस्त्यावर ‘बाद’ असा शिक्का हाणला आणि बहुतेक वितळवून टाकल्या. पण संग्राहक ही जातच निराळी. जी बंदूक लढाया मारून आली तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, आणि जी कधी रणांगणावर गेलीच नाही तिच्यावर जीव टाकतील. त्यातही तो शिक्का ठळक हवा. पुसट निघाला की यांची तोंडं उतरतात.

निशिकांतकडे कार्बाइन नव्हती. ठेवली असती तर मुक्काम तुरुंगात. पण ती घडी करून ज्या कापडी पिशवीत ठेवायचे, ती तिची पिशवी त्याच्याकडे होती. लिलावाच्या एका साइटवर कुणीतरी ती टेनिस रॅकेटची म्हणून विकायला काढली होती, याने शिवणीवरून ओळखली. रिकाम्या कापडी पिशवीला परवाना लागतो का, हे आधी पोलिसांना ईमेल करून विचारलं. लागत नाही असं उत्तर आलं, तेव्हा कुठे मागवली. कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात तिचा मुक्काम, आणि हातमोजे घातल्याशिवाय तिला स्पर्श नाही. लेकीला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हाही इतकं जपलं नव्हतं, असं त्याची बायको शुभदा म्हणायची.

ऑस्ट्रेलियात पर्थला लेस्ली नावाचे एक म्हातारे संग्राहक होते. त्यांच्याकडे, सगळ्या परवान्यांसकट, ती कार्बाइन होती, फक्त पिशवी नव्हती. त्यांनी कळवलं, ‘लंडनला जाताना सिंगापुरात थांबतो, पिशवी बघतो. मूळ स्थितीत असेल तर पर्थला घेऊन या आणि आपल्या हाताने कार्बाइन तिच्यात ठेवा.’ आपल्या हाताने! निशिकांतची उभ्या आयुष्यातली इच्छा तेवढीच होती, एकदा ती हातात धरायची.

आणि मध्येच आली खंडेनवमी. मोघ्यांकडे त्या दिवशी विळी, स्क्रूड्रायव्हर, लेक ऋताचा लॅपटॉप, निशिकांतचा कॅल्क्युलेटर अशी सगळी मंडळी हळदकुंकू लावून पाटावर बसतात. इथे काही त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळे निशिकांत ऑफिसात होता. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर विळीच्या आणि लॅपटॉपच्या मध्ये त्याची पिशवी. कापडावर हळदीकुंकवाची पाच बोटं ठसठशीत उमटलेली, वर झेंडूचं फूल.

“अगं, हे काय केलंस?”

“पूजा,” शुभदा म्हणाली. “खऱ्या शस्त्राचं घरात आहे ते एवढंच. दरवर्षी विळीला मान आणि ही कपाटात, बरं दिसतं का ते?”

निशिकांतने पिशवीवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मूळ स्थितीचा निकाल लागला होता. धुऊन देते म्हणाली, तर धुतल्यावर उरलंसुरलंही जाणार.

“चिल लाह, बाबा,” ऋता तिच्या सिंगापुरी थाटात समजूत घालत म्हणाली. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

तो शुभदाकडे वळला. “तुला ठाऊक होतं ना गं, माझा किती जीव आहे तिच्यावर?”

“म्हणून तर केली.” शुभदाचाही चेहरा पडला. “तळपाय सपाट म्हणून तुम्हाला लष्कराने परत पाठवलं. आई सांगायच्या, जेवणावरची वासनाच उडाली होती तुमची. हीसुद्धा तशीच, बाद होऊन परत आलेली. म्हटलं, हिला कुणीतरी एकदा ओवाळावं.”

आता यावर माणसाने चिडायचं तरी कसं? निशिकांतने हात पुढे करून प्रसाद घेतला.

लेस्ली आले, श्रीखंड-पुरी जेवले, आणि भिंग काढून पिशवीवर वाकले. जुने मसाल्याचे डाग आहेत असं सांगायचं निशिकांतने मनाशी पक्कं केलं होतं. पण ऐन वेळी बोलून गेला, “माझ्या बायकोने पूजा केली.” पर्थचा बेत बुडाला हे त्याला दिसतच होतं.

“मूळ स्थिती गेली,” लेस्ली म्हणाले. मग त्यांनी शुभदाकडून पूजा म्हणजे काय ते नीट समजून घेतलं, आणि पुन्हा भिंग लावलं. “अशी पूजा झालेली पिशवी दुसरीकडे कुठे असेल?”

“कोण करणार?” शुभदा म्हणाली. “माझ्याइतकी वेडी दुसरी कुठे मिळायची!”

“म्हणजे ही जगात एकच.” म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. संग्राहक तो संग्राहकच. “धुऊ नका. अशीच पर्थला आणा.”

पर्थला निशिकांतने हातमोजे चढवले, तर लेस्लींनीच ते काढायला लावले. कार्बाइन हातात आली. दस्त्यावरच्या शिक्क्यावर त्याचा अंगठा आपसूक जाऊन बसला. फोनवर शुभदा बघत होती.

“कशी आहे हो?”

“हलकी आहे गं. आणि शिक्का अगदी ठळक, मूळ स्थितीत.”

“त्या शिक्क्यामुळेच हिला एवढा मान ना?”

“मग काय तर!”

“तुमचाही तो लष्कराच्या डॉक्टरांचा बादचा कागद फाइलीत पडलाय. फ्रेम करून लावते दिवाणखान्यात.”

निशिकांत हसायला गेला आणि त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. लेस्ली घाबरले. काय म्हणाल्या त्या, असं त्यांनी विचारलं.

निशिकांतने बाहीने नाक पुसलं. “ती म्हणते, मीसुद्धा मूळ स्थितीत आहे.”